गोड पाण्याचं संग्रहालय आणि आपली सरबताची बाटली

मैत्रिणींनो, मागचे दोन अंक माझ्या लेखाविना निघाले, कारण लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत अटलांटाला गेले होते. डोंबिवलीत याचं कुणाला नवल नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये दर दोन घरांआड एकीची अशी वारी झालेली असते. तर एका रविवारी जावई म्हणाले, "आई, चला, तुम्हाला कोकाकोलाचं म्युझियम दाखवतो." मी म्हटलं, राजाचं म्युझियम ऐकलंय, तलवारींचं ऐकलंय, थंड पेयात बघण्यासारखं काय असतं? पण गेले. आणि तिथे फिरताना डोक्यात सारखं आपलं कोकम नि जांभळाचं सरबत येत राहिलं, म्हणून हे तुम्हाला लिहितेय.

संग्रहालयाची आताची इमारत २००७ साली उघडली. आत शिरायला तिकीट लागतं, आणि ते आपल्या दहा जणींच्या गटाच्या महिन्याच्या बचतीहून जास्त आहे. म्हणजे कंपनीची जाहिरात बघायला लोक स्वतःचे पैसे देऊन रांगेत उभे राहतात! आत जुन्या पाट्या, कॅलेंडरं, ट्रे, बाटल्या, यंत्रं मांडलेली आहेत. पांढऱ्या अस्वलाचा वेष घातलेला एक माणूस मुलांसोबत फोटो काढतो. शेवटी एक मोठा हॉल आहे. तिथे जगभरातली शंभराहून जास्त पेयं नळाला लावलेली असतात, ग्लास धरायचा आणि चाखायचं. इटलीचं बेव्हर्ली नावाचं पेय इतकं कडू की ते पिणाऱ्याचं तोंड बघायलाच माणसं तिथे थांबतात. मीही प्यायले. काढ्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना त्याचं विशेष काही वाटत नाही.

पण खरी गोष्ट भिंतीवरच्या इतिहासात आहे.

हे पेय बनवलं जॉन पेंबर्टन नावाच्या औषधवाल्याने, १८८६ साली. लढाईत जखमी झालेला माणूस, दुखण्यापायी मॉर्फिनची सवय लागलेली. त्याने सिरप तयार केलं, ते सोड्यात मिसळून औषधाच्या दुकानात पाच सेंटला एक ग्लास विकायला ठेवलं. पहिल्या वर्षी दिवसाला सरासरी नऊ ग्लास खपले. नऊ! वर्षभराची विक्री पन्नास डॉलरच्या आसपास आणि खर्च सत्तरच्या वर, असं सांगतात. आपल्यातली एखादी पहिल्या वर्षी तोट्यात गेली तर बैठकीत किती चर्चा होते ते आठवा.

पेंबर्टनने पैशांच्या अडचणीपोटी आपले हक्क तुकड्यातुकड्याने विकून टाकले आणि १८८८ साली तो वारला. आज त्याच्या नावाने त्या जागेला पेंबर्टन प्लेस म्हणतात, पण त्याच्या हयातीत त्याला या पेयाने काही दिलं नाही. एसा कँडलर नावाच्या दुसऱ्या औषधवाल्याने सगळ्यांचे हिस्से गोळा केले. १८९१ पर्यंत सगळे हक्क मिळून त्याने साधारण २३०० डॉलर मोजले. पुढचा पैसा त्याचा झाला.

आणि नाव कुणी ठेवलं माहीत आहे? पेंबर्टनच्या हिशेबनिसाने. फ्रँक रॉबिन्सन त्याचं नाव. आपल्या गटात जी कॅशबुक लिहिते, तसला माणूस. त्यानेच वळणदार अक्षरात ते नाव लिहिलं आणि आजही बाटलीवर त्याच वळणाचं अक्षर आहे. सही बदलली की बँक पैसे देत नाही, तसंच हे. गिऱ्हाईक अक्षर ओळखून पैसे काढतं.

बाटलीचीही गंमत आहे. दुसरे लोक तसल्याच नावाची, तसल्याच रंगाची पेयं विकायला लागले, तेव्हा १९१५ साली कंपनीने काच कारखान्यांना सांगितलं, अशी बाटली करा की अंधारात नुसता हात लागला तरी, किंवा फुटून जमिनीवर पडलेली असली तरी ओळखू यावी. एका कारखान्याने पेयातल्या वनस्पतीचं चित्र पुस्तकात शोधायला घेतलं आणि त्यांना सापडली चॉकलेटची, म्हणजे कोकोची शेंग. त्या शेंगेचा आणि या पेयाचा काही संबंध नाही. पण त्या चुकीतूनच ती मध्ये फुगीर, उभ्या रेघांची बाटली झाली.

कँडलर हुशार होता, तरी त्यानेही एक घोळ केलाच. १८९९ साली दोन वकील आले, म्हणाले, आम्हाला हे बाटलीत भरून विकायचे हक्क द्या. त्याला वाटलं, बाटलीत कोण पिणार? एका डॉलरला जवळजवळ अख्ख्या देशाचे हक्क लिहून दिले. तो डॉलरसुद्धा त्याने घेतला नाही म्हणतात. करारात सिरपचा भाव ठरलेला, पण मुदत लिहिलेली नाही. पुढे साखर महागली तरी भाव वाढवता येईना, आणि १९२० साली प्रकरण कोर्टात गेलं. व्यापाऱ्याशी कागद करताना मुदत आणि भाववाढीचं कलम बघा, असं आम्ही प्रशिक्षणात सांगतो ते उगाच नाही.

आता ती तिजोरी. संग्रहालयात एक मोठी पोलादी तिजोरी आहे आणि तिच्यात पेयाची कृती ठेवली आहे असं सांगतात. बघायला मिळते ती फक्त दारं, पण सगळ्यांत जास्त गर्दी तिथेच. कृती तिथे २०११ साली आली. त्याआधी ती बँकेत होती, आणि ती बँकेत कशी गेली ते ऐका. १९१९ साली काही लोकांनी ही कंपनी विकत घ्यायला कर्ज काढलं. बँकेने तारण मागितलं. त्यांनी कृती कागदावर लिहून काढली आणि तो कागद तारण ठेवला! १९२५ साली कर्ज फिटल्यावर तो सोडवून आणला. आपण मंगळसूत्र ठेवतो, सातबारा ठेवतो. पाककृती तारण ठेवता येते हे मला साठाव्या वर्षी कळलं.

या गुपिताचा आपल्या देशाशीही संबंध आला. कोकाकोला १९५० च्या सुमारास भारतात आलं होतं. परकीय चलनाच्या कायद्यानुसार परदेशी कंपनीने आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायचा होता. १९७७ साली जनता सरकार आलं, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी नियम पाळायला सांगितलं, कृतीही भारतीय कंपनीला द्या म्हटलं. कंपनीने देश सोडला, कृती दिली नाही. सरकारने 'डबल सेव्हन' नावाचं स्वतःचं पेय काढलं, ते चाललं नाही. चाललं ते पार्लेवाल्या चौहानांचं थम्सअप, तेही १९७७ चंच. कल्याणहून शिर्डीला जाताना मनमाडजवळ तो अंगठ्यासारखा सुळका दिसतो ना, हडबीची शेंडी? लोक त्याला थम्सअपचा डोंगरच म्हणतात. १९९३ साली कोकाकोला परत आलं आणि त्याने थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही नावंच विकत घेतली. लग्नाच्या पंगतीत मिळायचं ते गोल्ड स्पॉट बंद झालं. थम्सअप मात्र गिऱ्हाइकाने सोडलं नाही, म्हणून राहिलं. विकत घेतलं ते नाव, हे लक्षात घ्या. पाणी आणि साखर कुठेही मिळते.

साखरेवरून आठवलं. या पेयात १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत पाच ग्रॅमचा चमचा धरला तर सहा चमच्यांहून जास्त. हे सांगणारी पाटी मला तरी त्या संग्रहालयात दिसली नाही. पाण्याचीही नाही. केरळात प्लाचिमडा गावात विहिरी बिघडल्या म्हणून २००२ साली आदिवासी बायांनी याच कंपनीच्या कारखान्यासमोर ठिय्या धरला, पुढे मयिलम्मा होत्या. २००४ पासून तो कारखाना बंद आहे. संग्रहालय कंपनीचं असलं की भिंतीवर काय लावायचं तेही कंपनीच ठरवते. आपणही सरबतात साखर ओततो, तेव्हा फार बोट दाखवायला नको, पण लेबलवर खरं लिहायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

आता आपल्या घरचं बोलू. आपल्या एका गटाने दोन वर्षं जांभळाचं सरबत कल्याणच्या एका व्यापाऱ्याला कॅनमध्ये दिलं, नाव न लावता. तो आपल्या बाटलीत भरायचा, आपलं लेबल लावायचा. तिसऱ्या वर्षी त्याने दुसरीकडून स्वस्त माल घेतला. गिऱ्हाईक त्याचंच राहिलं, कारण त्यांना नाव त्याचं माहीत होतं. गटाकडे उरली मोठी पातेली. त्या सगळ्या जणींना चव उत्तम जमते. पेंबर्टनलाही जमायची.

म्हणून सरबताचं काम करणाऱ्या गटांनी या हंगामाआधी काही गोष्टी करायच्याच आहेत. अन्न परवान्याची नोंदणी आणि तो चौदा आकडी क्रमांक लेबलवर, हे तर सगळ्यांना पाठ आहे. नावाचं मात्र कुणी मनावर घेत नाही. दारूच्या रिकाम्या बाटलीत सरबत भरून प्रदर्शनाला आणणाऱ्या ताया मी स्वतः पाहिल्यात, त्यांना पुन्हा रागावणार नाही.

नाव निवडताना 'शुद्ध कोकम सरबत' असं ठेवू नका. ते मालाचं वर्णन झालं, त्याची मालकी कुणा एकाला मिळत नाही. गटाचंच नाव द्यावं तर जिजाऊ, रमाई, सावित्री या नावांचे गट गावोगाव आहेत. थोडं वेगळं, तोंडात बसणारं नाव शोधा. ते आधी कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येतं. आपल्या सीआरपीताईला सांगा, ती बघून देईल. सरबत आणि सिरप बत्तिसाव्या वर्गात येतात. एका व्यक्तीने किंवा लहान उद्योगाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचं शुल्क ४५०० रुपये आहे. एकदा नोंद झाली की दहा वर्षं, पुढे परत वाढवता येते. अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे मात्र बैठकीत बोलून इतिवृत्तात लिहा. बहुतेक बचत गट नोंदणीकृत संस्था नसतात, म्हणून सोयीसाठी अध्यक्षबाईंच्या नावावर अर्ज करतात, आणि मग नाव अध्यक्षबाईंचं होतं. भांडण त्यांच्या मनात नसेल, उद्या त्यांच्या सुनेच्या किंवा मुलाच्या मनात असेल. फेडरेशनच्या किंवा उत्पादक कंपनीच्या नावाने केलेलं बरं.

राहिली कृती. तिचं पेटंट घ्यायचं का, असं शहापूरच्या एका ताईने विचारलं होतं. पेटंट घेतलं की कृती जगजाहीर लिहून द्यावी लागते आणि वीस वर्षांनी ती सगळ्यांची होते. म्हणूनच त्या कंपनीने पेटंटच्या वाटेला न जाता तिजोरी बांधली. आपल्याला तिजोरी नको. पण आज परिस्थिती अशी आहे की एकाच बाईला प्रमाण माहीत, ती माहेरी गेली की त्या घाणीचं सरबत वेगळं लागतं. फळ किती किलो, साखर किती, किती वेळ उकळायचं, हे वजनात लिहा. 'मूठभर' आणि 'अंदाजाने' चालणार नाही. एक कागद, दोघींच्या सह्या, पाकीट बंद करून गटाच्या पेटीत. प्रदर्शनात कुणी गोडगोड बोलून विचारलं तर चव द्या, प्रमाण देऊ नका.

संग्रहालयाच्या दुकानात सगळ्या वस्तू महाग. मी एक काचेची बाटली तेवढी घेतली. ती फेडरेशनच्या ऑफिसात रजिस्टरांच्या कपाटावर ठेवली आहे. मासिक बैठकीला याल तेव्हा डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवून बघा, आणि येताना आपापल्या सरबताची बाटली आणा. तीही डोळे मिटून बघू.