एक्सप्लेनर : ‘कुत्र्याचं मरण’ नव्हे, ही तर आजीची मोडशी! इंग्रजीतून हरवलेल्या शब्दांचा मराठी पत्ता

कोल्हापूर : गेल्या पावसाळ्यात आजीला दवाखान्यात नेलं होतं. ‘‘काय होतंय?’’ डॉक्टरांनी विचारलं. ‘‘मोडशी झालीया,’’ आजी म्हणाली. तरुण डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छातीठोकपणे सांगितलं, ‘‘ॲसिडिटी.’’ आजीने नकारार्थी मान हलवली. तिला जळजळ नव्हतीच. खाल्लेलं पचत नव्हतं, मळमळत होतं, अंग गळून गेलं होतं. हे सगळं तिने एका शब्दात सांगितलं होतं आणि इंजिनिअर नातवाने त्याचा चुकीचा अनुवाद केला होता.

घरी येऊन तो शब्द शोधायला बसलो. सापडला तो भलत्याच ठिकाणी, एका जुन्या इंग्रजी कोशात.

कोणता हा कोश?

त्याचं नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी तो तयार केला. 1886 मध्ये तो छापून आला, तोपर्यंत बर्नेल यांचं निधन झालं होतं. हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या तोंडी बसलेले शब्द आणि त्यांची मुळं त्यात आहेत. कोशाचं नावच गमतीचं आहे. मोहरमच्या मिरवणुकीतली ‘या हसन! या हुसेन!’ ही हाक गोऱ्या सोजिरांच्या कानावर पडली आणि तिचं झालं ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरमचे पंजे आणि त्यांच्या भेटी पाहत मोठ्या झालेल्या कोल्हापूरकरांना ही हाक वेगळी सांगायला नको.

मोडशीचं ‘कुत्र्याचं मरण’ कसं झालं?

18व्या शतकाच्या अखेरपर्यंत इथले युरोपीय पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, ‘मॉर-द-शियाँ’ म्हणत. फ्रेंचमध्ये याचा अर्थ कुत्र्याचं मरण. रोग इतका भयंकर, की नाव अगदी चपखल वाटावं. पण कुत्र्याचा याच्याशी काही संबंध नाही.

गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या रोगाचं वर्णन केलंय. स्थानिक लोक त्याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही त्याचा अपभ्रंश करतो, असं ते नोंदवतात. पोर्तुगीजांनी त्याचं ‘मोर्देशीं’ केलं. फ्रेंचांच्या कानाला त्यात आपल्या भाषेतलं ‘कुत्र्याचं मरण’ ऐकू आलं. तेच पुढे इंग्रजीत गेलं. यूल यांनी हा धागा उलटा पकडत मूळ गाठलं : कोकणी-मराठीतली मोडशी, ‘मोडणे’ या क्रियापदापासून आलेली. माणूस मोडून पडतो, ती मोडशी.

पुढे ‘कॉलरा’ हेच नाव रूढ झालं आणि ‘मॉर-द-शियाँ’ इंग्रजीतून गेलं. मोडशी मात्र अजिर्णाच्या अर्थाने आपल्या घरात राहिली.

कँडी म्हणजे गोळी नव्हे?

चॉकलेटच्या दुकानातली कँडी वेगळी. तिचं मूळ संस्कृत ‘खंड’मध्ये, म्हणजे आपल्या खांडसाखरेच्या घराण्यातलं. पण जुन्या इंग्रजी व्यापारी कागदांत आणखी एक ‘कँडी’ भेटते. ती आपली खंडी. साधारण वीस मणांची खंडी; गावोगावी मण बदलला, की तीही बदलायची. मेंढरं मोजतानाही खंडी म्हणजे वीस नग. इंग्रजीतल्या रोजच्या बोलण्यात हे माप आता नाही, पण भारतातल्या कापूस बाजारात रुईचा भाव आजही सुमारे 356 किलोच्या ‘कँडी’वर सांगितला जातो. आपण मात्र ‘खंडीभर कामं पडलीत’ एवढ्यापुरतीच ती ठेवली आहे.

देवळालीचा ताप काय होता?

नाशिकजवळच्या देवळालीत ब्रिटिशांची लष्करी छावणी होती. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. कधी कधी महिनोन्‌महिने. काम नाही, ऊन, मलेरिया. डोकं फिरायची वेळ यायची. त्यावरून सैनिकांनी शब्द काढला ‘डूलॅली टॅप’. डूलॅली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे ताप. त्यातला ताप गळाला, पण ‘वेडसर’ या अर्थाने ‘डूलॅली’ ब्रिटनमध्ये अजून ऐकू येतो.

मग सगळेच शब्द आपले?

नाही. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातली गुराबं आणि गलबतं इंग्रजांच्या कागदांत ‘ग्रॅब’ आणि ‘गॅलिव्हॅट’ म्हणून येतात. पण गुराब मुळात अरबी. त्याचा अर्थ कावळा. गॅलिव्हॅटचा संबंध पोर्तुगीज ‘गालेओता’शी लावला जातो. शब्द बंदरात उतरतात तसे बंदरातून निघूनही जातात. त्यामुळे ‘हा आमचाच’ म्हणण्याआधी कोश उघडलेला बरा. मुंगसाच्या बाबतीत मात्र छाती फुगवायला हरकत नाही. इंग्रजी ‘मंगूज’ हा मराठी मुंगुसावरूनच आला.

याचा आपल्याला उपयोग काय?

इंग्रजांनी कानावर पडलेले शब्द चुकतमाकत का होईना, लिहून ठेवले. त्यामुळे वापरातून गेल्यावरही त्यांचा माग काढता येतो. आपल्याकडे मोलस्वर्थचा 1831 चा कोश आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. पण आजीचं बोलणं सगळंच्या सगळं कुठल्याही कोशात मावत नाही. मोडशी, करपट ढेकर, जळजळ, पोट फुगणं या वेगवेगळ्या तक्रारी आहेत. आपण त्या सगळ्यांना ‘ॲसिडिटी’ म्हणू लागलो, की शब्दाबरोबर फरकही पुसला जातो. दवाखान्यात तो फरक महत्त्वाचा असतो.

करता येण्यासारखी गोष्ट सोपी आहे. फोनमधलं नोट्स ॲप उघडा. घरातल्या मोठ्यांच्या तोंडचा न कळलेला शब्द लिहा. नुसता अर्थ नको, त्यांनी बोललेलं पूर्ण वाक्य लिहा. जमलं तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा.

माझ्या यादीत पहिला शब्द मोडशी आहे. आजीला दाखवला, तर म्हणाली, ‘‘लिहिलंस त्ये बरं केलंस. आता पुढच्या खेपेला डॉक्टरला नीट सांग.’’