प्रेमकादंबऱ्या : आजीच्या आणि नातीच्या

गेल्या वैशाखात श्रीलईराईच्या जत्रेपूर्वी आमच्या घरात झाडलोट चालली होती. वैशाख शुद्ध पंचमीच्या आधीचे दिवस शिरगावात कसे असतात, हे डिचोली-पेडण्याकडील वाचकांना सांगावयास नको. माझा मुलगा धोंड आहे. त्याचे व्रत चाललेले, घरात सोवळेओवळे, ओसरीवर मोगऱ्याच्या कळ्यांची रास. आणि नेमक्या अशा वेळी सूनबाईंना दहावीची परीक्षा दिलेल्या नातीच्या उशाखाली एक इंग्रजी कादंबरी सापडली. मुखपृष्ठावर फुलेच होती, त्यात वावगे काही नव्हते. सूनबाईंनी मधली दोन-चार पाने चाळली मात्र, आणि पुस्तक माझ्यापुढे आणून ठेवले. मी जन्मभर मराठी शिकविले, तेव्हा हे पुस्तक पोरीच्या हाती राहू द्यावे की नाही, याचा निवाडा मीच करावा, असे त्यांचे म्हणणे पडले. नात दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "आजये, तूं हें वाचूं नाका. तुका आवडचें ना."

मी ते वाचले. पुढे पाऊस लागला, बाहेर पडणे थांबले, तेव्हा नातीच्या मैत्रिणींकडून आणखी तीन-चार पुस्तके मागवून तीही वाचली. समीक्षा करण्याचा माझा अधिकार नाही. साठ वर्षे कादंबऱ्या वाचणाऱ्या एका बाईला त्या वाचून काय वाटले, एवढेच येथे लिहीत आहे.

आधी आमच्या काळाविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे. कारण आजी नातीच्या पुस्तकाला नाक मुरडू लागली की आपल्या उशाखाली काय होते, हे ती सोयीस्करपणे विसरते. मुक्तीनंतर गोव्यात गावोगावी मराठी शाळा निघाल्या, त्यांतील पहिल्या पिढीची मी. वाचायला शिकलो आणि हाताला लागले ते वाचीत सुटलो. फडके वाचले, खांडेकर वाचले. खांडेकर तर आम्हांला शेजारचेच वाटत. तेरेखोलची खाडी ओलांडली की शिरोडे. तेथल्या शाळेत त्यांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे काढली. त्यांची 'अमृतवेल' १९६७ साली आली, आणि नंदासाठी डिचोली तालुक्यातल्या किती मुलींनी पदराने डोळे टिपले असतील त्याची गणती नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादाशी आम्हांला काही कर्तव्य नव्हते. आम्हांला दोघेही हवे होते. फडके लपवून, खांडेकर उघड्यावर.

आणि काकोडकर? त्यांना तर भाताच्या कणगीमागे जागा होती. चंद्रकांत काकोडकरांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. पण त्यांच्या कादंबऱ्या वाचनालयाच्या कपाटात कधी दिसत नसत, इतक्या त्या सतत कोणा ना कोणाच्या घरी असत. त्यांच्या 'नीलांबरी'वरून १९६९ साली 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला. त्याच वर्षी त्यांच्या दुसऱ्या एका कथेचा निकाल दिल्लीत लागला. 'रंभा' मासिकाच्या १९६२ सालच्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली होती. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, असा तिचा विषय. ती अश्लील असल्याची फिर्याद झाली. खालच्या कोर्टाने लेखकाला सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवून २५ रुपये दंड केला, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पाचच वर्षांपूर्वी, १९६४ साली, याच न्यायालयाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे 'श्यामा'च्या निकालाचे महत्त्व कळते. केवळ कामविषय आला म्हणून लेखन अश्लील मानले, तर धर्मग्रंथांवाचून दुसरे काही विकताच येणार नाही, अशा आशयाचे विवेचन न्यायमूर्तींनी केले. आणि किशोरवयीन वाचकांच्या हाती प्रेमाच्या कथा-कादंबऱ्या पडतच असतात, याचीही दखल घेतली. न्यायालयाला जे १९६९ साली कळले, ते आमच्या घरांतून अजून पुरते कळलेले नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. १९७८च्या सुमारास मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत होते. दहावीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. पाठ्यपुस्तके तिला पुरत नसत, म्हणून माझ्याकडील पुस्तके मी तिला देत असे. त्यांत काकोडकरांची एक कादंबरी गेली. ती वडिलांच्या हाती लागली. पुस्तक कोणी दिले, असे त्यांनी परोपरीने विचारले. तिने माझे नाव सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी ते शाळेत येऊन मोठ्या आवाजात बोलून गेले. मी शिक्षकांच्या खोलीत बसून ते ऐकत होते. उठून 'ते पुस्तक माझे' एवढे तीन शब्द उच्चारण्याचा धीर मला झाला नाही. मुलीची शाळा सुटली आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात तिचे लग्न झाले. ते पुस्तक मला परत मिळाले नाही, आणि मी मागितलेही नाही. सूनबाईंनी फुलांच्या मुखपृष्ठाचे पुस्तक माझ्यापुढे ठेवले तेव्हा मला प्रथम ती शिक्षकांची खोली आठवली.

आता त्या पुस्तकाकडे वळते. कॉलीन हूव्हर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी, 'इट एन्ड्स विथ अस', २०१६ साली निघाली. २०२४ साली तिच्यावर चित्रपटही आला. बॉस्टन शहरात फुलांचे दुकान काढणारी लिली, आणि तिच्यावर भाळलेला देखणा शल्यचिकित्सक राइल. लिलीचा बाप तिच्या आईला मारीत असे. हा राइलही लग्नाच्या आधीच एकदा हात उगारतो, क्षमा मागतो, पुन्हा उगारतो. अखेर मुलगी जन्मते, आणि आईचे दशावतार आपल्या लेकीने पाहू नयेत म्हणून लिली नवऱ्यापासून वेगळी होते. शेवट खरा आहे, धीट आहे. नवरा मारतो, तरी त्याच्यावर जीव आहे. जीव आहे, तरी त्याच्यापाशी राहावयाचे नाही. ही अवघड गोष्ट सोळा वर्षांच्या मुलीला समजेल अशा सोप्या भाषेत सांगितली आहे. आपल्याकडे कितीतरी बायकांना ती साठाव्या वर्षीही कोणी सांगितलेली नसते.

माझी तक्रार शेवटाविषयी नाही, त्याआधीच्या पानांविषयी आहे. राइलचा तापटपणा, त्याची अरेरावी, मुलीने नको म्हटले तरी पिच्छा न सोडणे, हे सारे अर्धे पुस्तकभर मोहक म्हणून वाढले आहे. मग तोच गुण उलटतो तेव्हा वाचणारीला धक्का बसावा अशी योजना. जाणत्या वाचकाला ही योजना दिसते. सोळाव्या वर्षी मात्र आधीचा मोह लक्षात राहतो आणि नंतरचा धडा पुसट होतो, अशी मला धास्ती वाटते. प्रकाशकांची जाण तर वाचकांहूनही कमी निघाली. मारहाणीच्या या कथेवर रंगभरणाचे पुस्तक काढण्याचा घाट २०२३ साली घातला गेला होता. वाचकांनीच गिल्ला केला, तेव्हा तो बेत मागे घेतला गेला. वाचकवर्गाविषयी मला थोडी आशा वाटते ती यामुळे.

दुसरे पुस्तक जॉन ग्रीन यांचे, २०१२ सालचे, 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'. कर्करोगाने आजारी असलेली हेझल आणि त्याच रोगाने पाय गमावलेला ऑगस्टस यांची ही प्रेमकथा. हिंदीत तिच्यावरून २०२० साली 'दिल बेचारा' निघाला. ती वाचताना मला 'अमृतवेल'ची फार आठवण झाली. तेथे नंदाचा नियोजित वर विमान-अपघातात जातो, येथे ऑगस्टस जातो. खांडेकर मात्र नंदाला दुःखात राहू देत नाहीत. ते तिला दुसऱ्यांच्या संसारात नेतात, कोणाचे तरी भले करावयास लावतात. ग्रीनच्या हेझलवर असले कोणतेही कर्तव्य लादलेले नाही. तिने दुःख करावे, विनोद करावा, आईबापांवर चिडावे. खरे सांगावयाचे तर तरुणपणी मला नंदाचा त्याग थोर वाटला होता. आज हेझलचा राग अधिक खरा वाटतो. खांडेकरांवरील माझ्या भक्तीत यामुळे यत्किंचितही उणेपणा आलेला नाही. पण अठराव्या वर्षी दुःख झालेल्या मुलीला लगेच समाजकार्याला जुंपू नये, एवढे मला या वयात कळले.

चेतन भगतांच्या 'टू स्टेट्स'विषयी थोडक्यात. २००९ सालचे हे पुस्तक. पंजाबी मुलगा, तमिळ मुलगी. भाषा पातळ, विनोद बेताचे. तरीही आपल्या देशात प्रेम दोघांचे नसते, त्यात चार आईबाप मांडी घालून बसलेले असतात, हे त्याने ओळखले आहे. आमच्या जुन्या मराठी प्रेमकादंबऱ्यांतून ही अडचण किती चलाखीने टाळली जाई! नायक-नायिका टेनिस खेळत, मोटारीतून फिरत, गैरसमज करून घेत; जात मात्र कोणी कोणाला विचारीत नसे. वास्तविक आमच्या गावांतून पहिला प्रश्न तोच असतो. तो प्रश्न मराठीत इतक्या मोठ्याने विचारला गेला तो २०१६ साली, तोही कादंबरीत नव्हे, 'सैराट' या चित्रपटात.

येथवर लिहून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या घरात कोकणी बोलतात. भांडण कोकणीत, अंगाई कोकणीत, देवीला गाऱ्हाणेही कोकणीत. तथापि प्रेमाचे शब्द म्हणून मला जे ठाऊक होते, ते पुण्या-मुंबईच्या छापील मराठीतले. तसे मराठी शिरगावात कोणी कोणाशी कधी बोललेले मी ऐकले नाही. म्हणून प्रेम ही दूरच्या शहरात, चांगल्या कपड्यांतल्या माणसांना होणारी गोष्ट, असे मनात कायमचे बसले. आज नातीच्या बाबतीत तेच घडत आहे. फरक इतकाच की तिचे पुणे बॉस्टनला गेले आहे. चौथीपर्यंत देशी भाषा आणि पाचवीपासून इंग्रजी, ही आमच्या गोव्याची जुनी रीत. पुस्तकाची खरी गोडी लागण्याच्या वयाला मूल पोहोचते, तोवर मराठीचे बोट सुटलेले असते. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचे या बाबतीत बरे होते, असे मला कधी कधी वाटते. रोमी लिपीत निघणारे त्यांचे 'रोमांस' पंडितांनी कधी मोजले नाहीत. पण 'रोमांशींचो पातशाय' म्हणून गाजलेल्या रेजिनाल्ड फर्नांडिसांनी शंभरावर असे रोमांस लिहिले, आणि त्यांतली माणसे निदान घरच्या भाषेत प्रेम करीत.

मग मराठीत या वयाच्या मुलांसाठी आहे तरी काय? 'किशोर' मासिक १९७१पासून चालू आहे, त्याचे उपकार मोठे; पण ते शाळकरी मुलांचे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरून जग जिंकतो. त्याचे काळीज मात्र कोणा मुलीकडे पाहून हलत नाही. तेथून एकदम उडी मारावयाची ती प्रौढांच्या कादंबरीत. मधली सहा-सात वर्षे, तेरा ते एकोणीस, मराठीने जणू माणसाच्या आयुष्यातून वगळली आहेत. वस्तुतः आरंभ असा नव्हता. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० साली 'करमणूक'मधून येऊ लागली. तीत यमू आपल्या लहानपणापासूनची कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. मुलीच्या मनातले मुलीच्या शब्दांत सांगण्याचा हा वसा पुढे कोणी नेटाने चालविला नाही. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ साली आली, तरुणांनी तिची पारायणे केली, आणि विद्वानांनी तिकडे पाहिलेही नाही. हा तुटकपणा मराठीला फार महाग पडला. प्रणव सखदेव यांच्या 'काळेकरडे स्ट्रोक्स'ला २०२१ सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, हे शुभचिन्ह होय. परंतु ते पुस्तक महाविद्यालयातल्या मुलांचे आहे, दहावीच्या मुलीचे नव्हे.

एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. मिलिंद बोकिलांची 'शाळा', २००४ सालची. आणीबाणीचे दिवस, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. आडनाव पाहा, आपल्याकडचेच! या पुस्तकात प्रेमाच्या नावाने जवळजवळ काही घडत नाही. वाट पाहणे, वर्गातून एक कटाक्ष, चार वाक्ये, आणि वर मोठ्यांचा धाक. त्या वयात तेवढेच घडते, आणि तेवढेच आयुष्यभर पुरते. पोराला मोह होतो, तो मोह लेखक लपवीत नाही आणि त्याची जाहिरातही करीत नाही. उणीव एकच, की सारे जोश्याच्या डोळ्यांनी दिसते. शिरोडकरला काय वाटत होते, ते तिच्या तोंडून आपल्याला कधीच कळत नाही.

सूनबाईंना मी माझा निवाडा सांगितला. पुस्तक नातीला परत द्यावे, उशाखाली नको, फळीवर ठेवावे. आणि राइल पहिल्यांदा क्षमा मागतो ते पान आपण तिघींनी मिळून वाचावे. सूनबाईंना तो फारसा रुचला नाही, पण त्यांनी ऐकले. ते पान वाचताना त्या मधेच उठून चुलीवरचे दूध पाहावयास गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या.

बदल्यात मी नातीला माझी 'शाळा' दिली. खाणी चालू असतानाच्या लाल धुळीने तिच्या कडा तांबूस झालेल्या आहेत. देवनागरी वाचावयाचा सराव सुटलेला. पहिल्या दिवशी आठ पानांवर ती थकली. जोडाक्षरांपाशी अडे, मग मला हाक मारी. पुढे हाका कमी होत गेल्या. श्रावण संपता संपता एका दुपारी ती पुस्तक मिटून माझ्याजवळ ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आजये, मागीर ती शिरोडकर खंय गेली?"

मला सांगता आले नाही. पुस्तकात ते नाही.