सेहऱ्यामागची शेरवानी

हिंगोली, कळमनुरी, वसमत येथील ओळखीच्या घरांत बसून आम्ही अलीकडे शादीचे जुने फोटो पाहिले. हेतू आठवणींचा नव्हता, धंद्याचा होता. कोणता कपडा कधी आला, कधी गेला आणि त्यावर कोणाची रोजी चालली, हे पाहायचे होते.

सर्वांत जुन्या फोटोंत दुल्हन नाहीच. पर्दा होता आणि फोटोग्राफर परका. दुल्हा आहे, पण तोंड सेहऱ्याने झाकलेले! हे दादा की दादांचे भाऊ, यावर एका घरात अर्धा तास वाद झाला. निकाल लागला तो शेरवानीवरून. दादांच्या शेरवानीचे दुसरे बटन स्टुडिओच्या वाटेवर पडले होते, हे दादीला पक्के आठवत होते.

हिंगोली जिल्हा झाला 1999 मध्ये, पण हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तेथे शेरवानी आणि रूमी टोपी हा सुशिक्षित माणसाचा पोशाख. फक्त लग्नाचा नव्हे. म्हणून शेरवानीच्या कारागिराला बारा महिने काम असे. राज्य गेले, कचेरीतला पोशाख बदलला, शेरवानी निकाहपुरती उरली आणि कारागिराचे काम हंगामी झाले. सत्तरीतल्या फोटोंत तर तीही दिसत नाही. टेरिकॉटचा सूट, रुंद कॉलर, बेलबॉटम आणि वर सेहरा! नातवंडे हसतात. पण तो सूटही गावातल्याच शिंप्याने शिवलेला होता. घाव घातला तो तयार कपड्याने.

दुल्हनचा हिशेब फोटोत नाही, पेटीत आहे. एका घरी सुर्ख जोडा उघडला तर रेशीम घडीवर चिरलेले, जर काळवंडलेली. सून म्हणाली, खराब झाला, देऊन टाकू. आम्ही थांबवले. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. चांदी काळी पडतेच. तांब्याची नकली जरही काळी पडते, म्हणून सोनाराच्या कसोटीशिवाय असा जोडा भांडेवालीच्या हाती देऊ नये. हल्लीची बहुतेक जर प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची. ती काळी पडत नाही आणि वितळवून हातीही काही येत नाही.

शेरवानी आता परतली आहे. हिंदू घरांतले नवरदेवही ती हौसेने घालतात, म्हणजे गिऱ्हाईक वाढलेच. मग शिंपी रिकामा का? आमच्या मते हिशेब कोणी मांडत नाही म्हणून. 22 सप्टेंबर 2025 पासून नगामागे 2,500 रुपयांवरच्या तयार कपड्याला 18 टक्के जीएसटी लागतो. त्याच्या आत 5 टक्के. दहा हजारांच्या तयार शेरवानीवर 1,800 रुपये कर झाला. मीटरवर घेतलेल्या कापडाला मात्र 5 टक्केच, आणि शिलाईची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असणाऱ्या शिंप्याला नोंदणीची सक्ती नाही. कापडदुकानदार आणि शिंपी यांनी मिळून हे गिऱ्हाइकाला सांगितले तर दोघांचेही भले आहे. काउंटरवर दोन जुने फोटो ठेवा, नमुन्याचे पुस्तक वेगळे लागणार नाही.

दादांचा फोटो आम्ही हिंगोलीतल्या एका वयस्कर कारागिराकडे नेला. अशी शिवाल का? त्यांनी फोटो उजेडात धरला, खांद्याची शिवण निरखली. म्हणाले, "शिवीन. पण हाताने काज करणारा आमच्या गल्लीत आता मी एकटाच." त्यांचा मुलगा तयार कपड्यांच्या दुकानात नोकरीला आहे. तिथे विकलेल्या शेरवान्या अंगाबरोबर करून घ्यायला तो रात्री वडिलांकडेच आणतो.