झाडासारखी माहिती – भाग ६ : कापूस सापडतो, कापसाला सापडत नाही

आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन कळते, भाव कळत नाही. त्यासाठी ओलावा मोजणारा मीटर कापसात खुपसावा लागतो. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) हमीभाव खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्याहून ओला कापूस घेतलाच जात नाही. दोन गाड्या वजनाला सारख्या भरल्या तरी शेतकऱ्यांच्या हातात पैसे वेगवेगळे पडू शकतात.

गेल्या आठवड्यात एक्सएमएलचा दस्तऐवज मुळापासून फांद्या फुटत कसा वाढतो ते पाहिले. असे दस्तऐवज साठवणाऱ्या डेटाबेसचा वेग मोजतानाही काट्यावरचा एकच आकडा पुरत नाही. कोणता दस्तऐवज दिला, त्याला काय विचारले आणि पहिल्यांदा विचारले की दुसऱ्यांदा, यावर उत्तर बदलते. पहिल्या वेळी माहिती डिस्कवरून उचलावी लागते. दुसऱ्या वेळी ती मेमरीत तयार असते. म्हणून दोन्ही वेळा वेगळ्या नोंदवायच्या, ही या कामातली पहिली शिस्त.

या क्षेत्रातला सर्वात नावाजलेला बेंचमार्क, म्हणजे वेग मोजण्याची प्रमाण चाचणी, म्हणजे एक्समार्क. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत त्याचे काम झाले आणि २००२ साली तो डेटाबेसविषयक व्हीएलडीबी परिषदेत मांडला गेला. त्यातला दस्तऐवज एका काल्पनिक लिलाव-संकेतस्थळाचा आहे : वस्तू, बोली लावणारे, खरेदीदार, विक्रेते. एक छोटा प्रोग्राम तो हव्या त्या आकाराचा तयार करून देतो. प्रमाण १ ठेवले तर सुमारे १०० मेगाबाइट, १० ठेवले तर एक गिगाबाइट. त्यावर २० प्रश्न. पहिला अगदी साधा, अमुक क्रमांकाच्या माणसाचे नाव सांगा. आठवा अवघड, प्रत्येक माणसाने किती वस्तू घेतल्या ते दोन फांद्या जुळवून मोजा. चौदाव्यात वर्णनात ‘गोल्ड’ हा शब्द असलेल्या वस्तू शोधायच्या. या चाचणीचा मोठेपणा असा की जगात कुठेही तो प्रोग्राम चालवला तरी तोच दस्तऐवज हाती येतो. त्यामुळे दोन डेटाबेसची तुलना प्रामाणिक होते.

पण त्या लिलावातला मजकूर शेक्सपिअरच्या नाटकांतल्या नेहमीच्या १७ हजार शब्दांतून विणलेला आहे, आणि अक्षरे सगळी साध्या इंग्रजी संचातली. आदिलाबादच्या कागदांवर तेलुगू असते, उर्दू असते, पैनगंगेच्या काठच्या गावांत मराठी बोलली जाते, आणि गोंडी तर इथल्या मातीतली. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात जुनी गोंडी हस्तलिखिते सापडली आणि त्यांच्या लिपीला गावाचेच नाव मिळाले. २०१८ साली युनिकोडच्या ११व्या आवृत्तीत ती लिपी दाखल झाली. एका खेड्याचे नाव जगातल्या अक्षरसूचीत जाऊन बसावे, ही या जिल्ह्याची खरोखर अभिमानाची गोष्ट.

यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, उर्दूच्या अक्षराला दोन, देवनागरी आणि तेलुगूला तीन, गुंजाला गोंडीला चार. ‘कापूस’ लिहायला पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. तेव्हा शंभर मेगाबाइटचा इंग्रजी दस्तऐवज आणि तितकाच मराठी दस्तऐवज यांत मजकूर सारखा नसतोच.

खरी अडचण त्यापुढची. चौदावा प्रश्न मराठीत विचारून पाहावा : वर्णनात ‘कापूस’ असलेल्या नोंदी द्या. डेटाबेस ‘कापूस विकला’ आणतो. ‘कापसाला भाव नाही’ तसेच राहते, कारण विभक्ती लागली की ‘पू’चा ‘प’ होतो. ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द तर त्याहून फसवा. त्यातला ऱ एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ते निराळे. एक्सएमएलला प्रश्न विचारण्याच्या एक्सक्वेरी भाषेत ही दोन रूपे सारखी करून घेण्याची सोय आहे. मात्र ती नोंद साठवताना वापरायची की प्रत्येक वेळी शोधताना, यावर वेग ठरतो. चुकीचे उत्तर झटपट मिळाले तर त्या वेगाचे मोल शून्य. म्हणून आधी बरोबर नोंदी किती आल्या ते मोजायचे, मग मिलिसेकंद.

एक्समार्कचे वीसही प्रश्न नुसते वाचण्याचे आहेत. नोंदी बदलण्याचे काम त्यात नाही. ती उणीव पुढे आयबीएम आणि इंटेलच्या टीपॉक्सने भरून काढली. त्यात एक अवाढव्य दस्तऐवज नसून शेअर-व्यवहारांचे असंख्य छोटे दस्तऐवज असतात, आणि वाचणे, भरणे, बदलणे, पुसणे एकाच वेळी चालते. सरकारी कचेरीच्या कामाशी हे चित्र जास्त जुळते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. ज्या दस्तऐवजात मंडल ही जिल्ह्याची फांदी असेल, तिथे निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबादकडच्या फांद्या उचलून नव्या खोडाला लावाव्या लागतात. हे काम चालू असताना कुणी दाखला मागितला तर उत्तराला किती वेळ लागतो, ही चाचणी इथल्या अनुभवातूनच सुचते.

आणि एक प्रश्न झाडाला मुळातच पेलत नाही. केरामेरी मंडल आणि चंद्रपूरचा जिवती तालुका यांच्या सीमेवरच्या १४ गावांवर तेलंगणा आणि महाराष्ट्र दोघेही हक्क सांगतात; अनेक घरांत दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आहेत. एक्सएमएलमध्ये मात्र प्रत्येक फांदीला खोड एकच. मग गावाची नोंद दोनदा लिहायची, म्हणजे वाचायला सोपे आणि दुरुस्ती दोन ठिकाणी. किंवा नोंद एकदाच लिहून दुसरीकडून तिचा नुसता हवाला द्यायचा, म्हणजे दुरुस्ती एकदाच, पण वाचताना दर वेळी एक उडी जास्त. दोन्ही रचना भरून घ्याव्या, एका गावातल्या एका कुटुंबाचा पत्ता बदलावा, लगेच दोन्ही राज्यांच्या याद्या मागवाव्या आणि लागलेला वेळ दोन रकान्यांत लिहावा. पुढच्या भागात हीच नोंद हातात घेऊन निर्देशांक कसा बांधतात ते पाहू.