वादळ विरल्यानंतरचा पाऊस

26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकले. ते समुद्रात असतानाच उपग्रहांनी टिपले होते आणि हवामान खात्याचे इशारेही वेळेत गेले होते. जमिनीवर येताच वारे मंदावले, वादळाचा दर्जा उतरत गेला आणि लोकांचे लक्षही उडाले. बाष्प मात्र शिल्लक होते. ते घेऊन कमी दाबाचे क्षेत्र तेलंगण ओलांडून विदर्भ-मराठवाड्यावर आले. 28 तारखेला सकाळी यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात, दहागावच्या पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस नाल्यात वाहून गेली, माणसे दगावली. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ झाले आणि 3 ऑक्टोबरला ओमानवर आदळले. एकाच प्रणालीला दोन समुद्रांत दोन नावे मिळाली, पण यवतमाळवर ती आली तेव्हा तिला नाव नव्हते. उपग्रहांच्या पाहणीतले आपले खरे दुबळेपण इथे आहे, असे मला वाटते. समुद्रावरच्या वादळावर आपण डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो. तेच वादळ आत शिरले की ती नजर सैल होते.

याला कारण आहे. चक्रीवादळाची प्रतवारी वाऱ्याच्या वेगावर ठरते. भर समुद्रात वारा मोजायला यंत्रे नसतात, म्हणून अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ व्हर्नन ड्व्होराक यांनी 1970 च्या दशकात ढगांच्या आकृतिबंधावरून वादळाची ताकद अजमावण्याची रीत बसवली. ती आजही वापरात आहे. तिचे मोल ओडिशाला विचारावे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. 2013 च्या ‘फायलिन’च्या वेळी लाखो लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा दोन अंकीच राहिला. पण किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत वारा मारत नाही, पाणी मारते, आणि वाऱ्याच्या मापावर ‘कमजोर’ ठरलेली प्रणाली पाण्याच्या मापावर मुळीच कमजोर नसते.

‘उपग्रहाला नाला थोडाच दिसतो?’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. इन्सॅट-3डी आणि 3डीआर हे उपग्रह तेव्हा मिळून साधारण दर 15 मिनिटांनी चित्र देत होते. पण त्यांच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका सुमारे 4 किलोमीटरचा असतो, आणि त्यात दिसते ते ढगाच्या माथ्याचे तापमान. माथा जितका थंड तितका ढग उंच. खाली पाऊस किती पडला, हा त्यावरून काढलेला अंदाज. नागपूरच्या रडारलाही मर्यादा आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे दोनशे किलोमीटरवर त्याची सर्वांत खालची किरणशलाकासुद्धा जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंचावरून जाते. उमरखेडसारखा जिल्ह्याचा दक्षिण भाग अशाच टापूत येतो. त्यात काळी, चिकण कापसाची जमीन. सप्टेंबरअखेर ती तुडुंब भरलेली असते. मग पडलेला पाऊस मुरत नाही, थेट नाल्याला लागतो.

म्हणूनच उपग्रहाचे चित्र एकट्याने वाचून भागत नाही. हवामान खात्याने ऑक्टोबर 2020 मध्ये दक्षिण आशियासाठी सुरू केलेली आकस्मिक पूर-मार्गदर्शन प्रणाली नेमके हे जुळवते: उपग्रहाचा पाऊस, जमिनीवरची पर्जन्यमापके आणि मातीतला ओलावा एकत्र करून छोट्या पाणलोटांवरचा पुढच्या सहा तासांचा धोका ती सांगते. महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या पातळीवर ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रेही आहेत. साधने अपुरी असतील, पण नाहीत असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: इशारा दिला तरी लोक पाण्यात गाडी घालतातच. घालतात, पण ‘जिल्ह्यात काही ठिकाणी अतिवृष्टी’ एवढ्यावर कोणता चालक कोणत्या पुलाशी थांबणार? जिल्हाभराचा इशारा वारंवार आला आणि आपल्या गावी ऊन पडले, की त्याच्यावरचा विश्वासही उडतो. पाणलोटानुसार दिलेला इशारा चुकला, तर निदान थोड्याच लोकांचा खोळंबा होतो. शिवाय निर्णय चालकावर सोडणेच गैर आहे. आगारातून गाडी सुटण्यापूर्वी वाटेवरच्या बुडणाऱ्या पुलांची यादी आणि वरच्या पाणलोटातला रात्रीचा पाऊस वाहतूक नियंत्रकासमोर हवा, गाडी रोखून धरण्याचा लेखी अधिकार त्याच्या हाती हवा, आणि उशिराबद्दल त्याला जाब विचारला जाऊ नये.