तरावीह म्हणजे विसावा

रमजानचा चाँद दिसायच्या आधीच जिमला जाणारी मुले कॉलेजच्या व्हरांड्यात गाठतात. "सर, महिनाभर जिम बंद ठेवू की तरावीहनंतर जाऊ?" मी प्रशिक्षक नाही, भाषा शिकवतो. पण बरीच वर्षे वजने उचलतो आणि रोजेही धरतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. मी उलटा प्रश्न करतो, "जिम सोडून दिवसभरात आणखी काय काय करतोस, ते आधी सांग."

वजन उचलताना ताकद वाढत नसते. त्या वेळी स्नायू फक्त थकतो. वाढ होते ती नंतर, खाण्यात आणि झोपेत. म्हणून ताकदीचा व्यायाम मन लावून करणारे साधारण चार ते आठ आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका घेतात. जिममध्ये त्याला 'डिलोड' म्हणतात. समजा, एखादा मुलगा ८० किलोची बारबेल खांद्यावर घेऊन पाच-पाच बैठकांचे पाच सेट मारतो. हलक्या आठवड्यात तो ७० किलोचे दोनच सेट मारेल आणि घरी जाईल. पंचविसाच्या जागी दहा बैठका. मुलांना हे भेकडपणाचे वाटते. पण ताकद कमवायला जेवढे कष्ट लागतात, त्याच्या कितीतरी कमी कष्टांत ती टिकते. अट एवढीच, की वजन फार खाली आणायचे नाही, सेट कमी करायचे.

खरी अडचण पुढे आहे. आठवडा हलका केला की अंगात उत्साह उरतो, वेळही उरतो, आणि त्या रिकाम्या जागेत दुसरे काहीतरी येऊन बसते. रमजानमध्ये तर ते हमखास होते. आमच्याकडे तरावीह संपली की मुले टर्फवर क्रिकेट खेळायला निघतात, तिथून बाजारात, तिथून थेट सहरीला. जिममध्ये पंधरा बैठका वाचवल्या आणि मध्यरात्री दीडशे वेळा धावपट्टीवर पळालो, तर विश्रांती कुठे झाली?

तरावीहचाही हिशेब करून पाहा. ही रमजानमधली रात्रीची विशेष नमाज. हनफी मशिदींत तिच्या वीस रकाती असतात. एका रकातीत एक रुकू, म्हणजे कमरेतून वाकणे, आणि दोन सजदे, म्हणजे कपाळ जमिनीला टेकणे. वीस रकातींत वीस रुकू आणि चाळीस सजदे झाले. शिवाय कुराणाचे पठण चालू असताना बराच वेळ ताठ उभे राहायचे. नमाज ही इबादत आहे, तिला व्यायाम म्हणून कुणी विकू नये. व्हॉट्सअॅपवर असे संदेश फिरतात तेव्हा मला अवघडल्यासारखे होते. पण गुडघा आणि कंबर यांना इबादत आणि कसरत यांतला फरक कळत नाही. आदल्या दिवशी जड बैठका मारल्या असतील, तर पंधराव्या रकातीला सजद्यातून उठताना मांड्या आठवण करून देतात.

भाषेच्या मास्तराला इथे थोडी मोकळीक द्यावी. आपण मराठीत सहज वापरतो तो 'कसरत' हा शब्द मूळ अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ अधिकपणा, रेलचेल. 'तरावीह' हे मात्र 'तरवीहा'चे अनेकवचन, आणि तरवीहा म्हणजे विसावा. 'राहत' हा शब्द त्याच धातूतून आला. दर चार रकातींनंतर लोक थोडे बसून घेत, म्हणून त्या नमाजेला हे नाव पडले. आजही अनेक मशिदींत इमामसाहेब चार रकातींनंतर थांबतात. घाई असलेल्या मुलांना तेवढाही दम निघत नाही, ही गोष्ट वेगळी.

हलक्या आठवड्यात अजिबात हलायचे नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. चालणे, सावकाश सायकल, अंग ताणणे यांनी आखडलेले स्नायू मोकळे होतात. ओळख अशी, की त्या हालचालीनंतर माणसाला बरे वाटले पाहिजे, धाप लागता कामा नये. या मापाने तरावीह त्या आठवड्यात छान बसते, टर्फवरचे क्रिकेट बसत नाही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. त्यांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावायचे असते, गोळा फेकायचा असतो. म्हणजे पळणे आणि ताकद दोन्ही हवे. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने दहा आठवडे हेच तपासले. काहींनी फक्त ताकदीचा व्यायाम केला, काहींनी फक्त दमसासाचा, काहींनी दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची ताकद साधारण सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली आणि शेवटी घसरू लागली. हे पोटभर खाणाऱ्यांचे झाले. रोजेदार मुलाने एकाच आठवड्यात दोन्हीकडे जोर लावू नये. पळण्यावर भर असेल तेव्हा वजने निम्मी, आणि वजनांवर भर असेल तेव्हा नुसते हलके पळणे.

आणि मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी उभ्याने करणाऱ्या तरुणाने तर आपली पाळीच व्यायामाच्या खात्यात लिहावी. त्याला जिम हवीच असेल, तर आठवड्यातून दोन दिवस पुरे.

महिन्याची मांडणी मी मुलांना अशी सांगतो. पहिले पाच-सहा दिवस शरीराची झोप आणि जेवण उलटेपालटे होते, तेवढे हलके ठेवा. मधले दोन आठवडे नेहमीची वजने घ्या, सेट कमी, आठवड्यात तीन दिवस. शेवटच्या दहा रात्री जागरणाच्या असतात, शबे कद्रची ओढ असते. तेव्हा बारबेल पूर्ण बाजूला ठेवली तरी काही बिघडत नाही. वजने इफ्तारनंतर दीड-दोन तासांनीच उचला. दुपारी, घशाला कोरड असताना नाही. पाणी इफ्तार ते सहरी थोडे-थोडे प्या; सहरीला एकदम लिटरभर ढोसून ते दिवसभर पुरत नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

कुणीतरी हकीम ओलाजुवान यांचे नाव काढतेच. फेब्रुवारी १९९५ मध्ये रमजान होता, ते रोजे ठेवून एनबीएत बास्केटबॉल खेळले आणि त्या महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. उदाहरण खरे आहे. पण खेळणे हेच त्यांचे काम होते. सकाळी आठचे लेक्चर, संध्याकाळी भावाच्या दुकानात फळांच्या गाड्या उतरवणे आणि रात्री क्रिकेट, असा दिवस त्यांचा नव्हता.

ईदनंतर जुन्या वजनावर लगेच उडी मारू नका. पहिल्या आठवड्यात ८० किलोवाल्याने ६५ पासून सुरू करावे, शीरखुर्मा कितीही झाला असला तरी. शव्वालचे सहा रोजे ठेवणाऱ्यांसाठी एक सोय आहे. बहुतेक उलेमांच्या मते ते सलगच ठेवले पाहिजेत असे नाही, महिनाभरात विखरून चालतात. तेव्हा पायांच्या व्यायामाचा दिवस आणि रोजा एकाच दिवशी येणार नाहीत, असे वेळापत्रक आताच वहीत लिहून ठेवा.