पिसातला पारा

मोराचे पीस पोथीत जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. इतर पक्ष्यांच्या पिसांना तो मान नाही. वाऱ्यावर उडून आलेले पीस केराबरोबर झाडले जाते. परंतु युरोप-अमेरिकेतील वस्तुसंग्रहालयांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या समुद्रपक्ष्यांची कातडी पिसांसह सांभाळून ठेवलेली आहेत, आणि त्या पिसांना आज जुन्या दप्तरातील कागदपत्रांचे मोल आले आहे. ज्या काळी समुद्रातील पारा मोजण्याची युक्ती कोणाला ठाऊक नव्हती, त्या काळच्या समुद्राची हकीगत ही पिसे सांगू शकतात. ती कशी सांगतात आणि त्या साक्षीवर कितपत विसंबावे, हा येथे विवेचनाचा विषय आहे.

पारा हा निसर्गातलाच धातू. ज्वालामुखीच्या उद्रेकातून तो बाहेर पडतो, खडकांच्या झिजेतूनही पडतो. परंतु गेल्या दीडदोन शतकांत दगडी कोळसा जाळून, सोने काढताना पारा वापरून आणि कारखान्यांच्या धुराड्यांतून माणसाने त्याचे हवेतील प्रमाण पुष्कळ वाढविले. पाऱ्याची वाफ महिनोन् महिने हवेत राहते. त्यामुळे एका खंडात जाळलेल्या कोळशातील पारा हजारो मैलांवरच्या समुद्रावर जाऊन उतरतो. तेथे सूक्ष्म जंतू त्याच्या काही भागाचे मेथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि खरे भय आहे ते या रूपाचे. पोटात गेलेला साधा पारा बहुतांशी तसाच बाहेर पडतो. मेथिल पारा मात्र रक्तात शिरतो, मेंदूपर्यंत पोहोचतो आणि शरीरातून सावकाश जातो. पाण्यातून तो प्लवकात येतो, प्लवकातून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात. प्रत्येक पायरीवर त्याची दाटी वाढत जाते. या जिन्याच्या वरच्या टोकाला समुद्रपक्षी बसलेला असतो. त्याच्या वाट्याला येणाऱ्या माशांत पाऱ्याचे प्रमाण समुद्राच्या पाण्यातील प्रमाणाच्या लाखो पटींनी अधिक असू शकते.

या विषाचा काही भार पक्षी आपल्या पिसांत उतरवून टाकतो. वाढत्या पिसाच्या देठात रक्तवाहिनी असते आणि तिच्यावाटे त्याचे पोषण होते. पिसे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, त्यात गंधकाचा अंश पुष्कळ असतो. पारा आणि गंधक यांचे सख्य आपल्या रसवैद्यांना फार पूर्वीपासून परिचित आहे. खलात दोन्ही घोटून केलेली काळी कज्जली हे त्याचेच फळ होय. त्याच आकर्षणाने रक्तातील मेथिल पारा पिसातील गंधकाशी घट्ट जोडला जातो. पीस पूर्ण वाढले म्हणजे रक्तवाहिनी सुकून जाते आणि पिसाचा शरीराशी असलेला संबंध तुटतो. मराठेशाहीतील पत्राच्या अखेरीस ‘लेखनसीमा’ अशी अक्षरे असलेली मुद्रा उमटवीत. तिच्यापुढे मजकुरात कोणाला भर घालता येत नसे. पिसाच्या बाबतीत निसर्ग अशीच मुद्रा उमटवितो. ऊन, पाणी आणि काळ यांनी हा जोडलेला पारा सहसा सुटत नाही, असे डेन्मार्कमधील संशोधकांनी १९८४ साली प्रयोगांती दाखवून दिले.

पिसांची ही साक्ष मोठ्या प्रमाणावर प्रथम काढली गेली ती समुद्रासाठी नव्हे, शेतीसाठी. स्वीडनमध्ये बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याची सेंद्रिय संयुगे चोळीत असत. १९५०नंतरच्या वर्षांत शेतांतून दाणे टिपणारे आणि त्यांची शिकार करणारे पक्षी मरून पडू लागले. तेव्हा स्वीडिश शास्त्रज्ञांनी संग्रहालयांतील शंभर वर्षांची पिसे बाहेर काढली आणि अणुभट्टीतील न्यूट्रॉनांचा मारा करून त्यांतील पारा मोजला. १९६६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निःसंदिग्ध होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९४०पर्यंत पाऱ्याची पातळी जवळजवळ स्थिर होती. पुढच्या दशकात ती दहा ते वीस पटींनी वाढली. अशा संयुगांपैकी अल्किल पाऱ्याच्या संयुगांचा बियाण्यासाठी वापर स्वीडनने त्याच वर्षी थांबविला.

समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत काम अधिक नाजूक आहे. पक्षी ठरावीक काळाने जुनी पिसे टाकून नवी धारण करतो. दोन पीसझडींच्या दरम्यान खाल्लेला पारा शरीरात साठतो आणि नवी पिसे फुटू लागताच त्यांत उतरू लागतो. साहजिकच जे पीस आधी फुटते त्याच्या वाट्याला पारा अधिक येतो आणि मागाहून येणाऱ्यांच्या वाट्याला उत्तरोत्तर कमी. ग्लासगो विद्यापीठातील रॉबर्ट फर्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली हा क्रम स्पष्ट केला. एकाच पंखाची दोन पिसे दोन निराळे आकडे देतात, हे ध्यानात न घेता केलेली तुलना फसवी ठरते. म्हणून पंखाच्या मोठ्या पिसांऐवजी अंगावरची लहान पिसे निरनिराळ्या जागांहून काही संख्येने घेणे अधिक विश्वसनीय मानले जाते. पिल्लाच्या पिसांचा उपयोग आणखी वेगळा आहे. ती घरट्यातच काही आठवड्यांत वाढतात. त्यामुळे आईबापांनी त्या हंगामात जवळपासच्या समुद्रातून आणलेल्या भक्ष्याचा हिशेब त्यांत मिळतो.

प्रयोगशाळेतील कृती समजण्यास कठीण नाही. पिसे प्रथम धुऊन वरचा मळ आणि तेलकटपणा काढतात, वाळवितात आणि तोलतात. काही मिलिग्रॅम वजनाचा तुकडाही पुरतो. तो प्राणवायूत जाळला की पारा वाफेच्या रूपाने बाहेर येतो. ही वाफ सोन्यावर धरून ठेवतात, कारण पारा सोन्याला चटकन चिकटतो. मग सोने तापवून ती एकदम मोकळी करतात आणि तिच्यातून अतिनील प्रकाश पाठवितात. पाऱ्याचे अणू त्या प्रकाशाचा ठरावीक भाग शोषून घेतात. जितका प्रकाश नाहीसा झाला, तितका पारा होता असे समजते.

तरीही जुन्या पिसांच्या वाचनात एक मोठी अडचण होती, आणि ती संग्रहालयांनीच निर्माण केली होती. कसर लागू नये म्हणून पूर्वी पक्ष्यांच्या कातड्यांना विषारी क्षार लावीत आणि त्यांत पाऱ्याचा क्षारही असे. मग पिसात सापडलेला पारा समुद्राचा की संग्रहपालाच्या डबीतला? सुदैवाने दोहोंची जात निराळी आहे. पक्ष्याने अन्नातून मिळविलेला पारा पिसात बहुतेक सगळा मेथिल रूपात असतो. वरून लावलेला क्षार अजैव असतो. केवळ मेथिल पारा वेगळा करून मोजला म्हणजे लबाडी उघडी पडते. उत्तर पॅसिफिक महासागरावर फिरणाऱ्या काळ्या पायांच्या अल्बट्रॉस पक्ष्याची १८८० ते २००२ या काळातील पिसे हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी याच पद्धतीने तपासली. एकूण पारा मोजता जुन्या नमुन्यांचे आकडे दिशाभूल करीत होते. मेथिल पारा मोजल्यावर, काळ पुढे सरकला तसतसे त्याचे प्रमाण वाढत गेल्याचे दिसले. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले.

याहून चिंताजनक कथा उत्तर ध्रुवाकडची आहे. तेथील बर्फाच्या कडेने राहणारा पांढराशुभ्र हस्तिदंती कुरव मासे खातो आणि अस्वलांनी सोडलेल्या सीलच्या शिकारीवरही गुजराण करतो. कॅनडा आणि पश्चिम ग्रीनलंड येथील या पक्ष्यांची १८७७ ते २००७ या १३० वर्षांतील पिसे अलेक्झांडर बॉन्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. २०१५ साली त्यांनी जाहीर केले की, या अवधीत पिसांतील मेथिल पारा ४५ पटींनी वाढला आहे. यावर एक रास्त शंका निघते. पक्ष्याने आपला आहारच बदलून अधिक मोठे मासे खाण्यास आरंभ केला असेल, तर समुद्र न बदलताही आकडा वाढेल. पण आहाराची नोंदही त्याच पिसात असते. नत्र आणि कर्ब यांच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण भक्ष्यानुसार बदलते, आणि या पिसांत ते बदललेले आढळले नाही. जेवण तेच होते, त्यातले विष वाढले होते. कॅनडाच्या उत्तर भागातील या कुरवांची संख्या १९८०च्या सुमारापासून सुमारे चार-पंचमांशांनी घटली आहे. त्याचा सगळा दोष पाऱ्यावर टाकता येत नाही. वितळणारे बर्फ आणि शिकार हीही कारणे सांगितली जातात. तथापि आधीच संकटात असलेल्या पक्ष्यावर हा आणखी एक भार आहे.

पिसांच्या साहाय्याने समुद्राचे निरनिराळे थरही तपासता येतात. अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर लुईश मोंतेइरो या पोर्तुगीज शास्त्रज्ञाने फर्नेस यांच्या सहकार्याने असे काम केले. वरच्या पाण्यातील मासे खाणारे पक्षी आणि खोल पाण्यातून रात्री वर येणारे मासे टिपणारे पेट्रेल पक्षी यांच्या जुन्या-नव्या पिसांची त्यांनी तुलना केली. १९९७ साली त्यांनी दाखविले की, खोल पाण्याच्या भक्ष्यावर जगणाऱ्यांत पारा अधिक वेगाने वाढत आला आहे. म्हणजे जो समुद्र माणसाच्या दृष्टीआड आहे, तेथेही त्याच्या धुराचा अंश पोहोचला होता. मोंतेइरो यांचा १९९९ साली त्याच बेटांवर विमान अपघातात मृत्यू झाला. त्यांनी अभ्यासिलेला तेथील एक लहान पेट्रेल स्वतंत्र जातीचा असल्याचे २००८ साली मान्य झाले, आणि त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

या पद्धतीचा एक गुण वेगळा सांगण्याजोगा आहे. यकृत किंवा मेंदू तपासावयाचा तर पक्षी मेलेला लागतो. चार-सहा पिसे मात्र जिवंत पक्ष्याला इजा न करता घेता येतात, आणि पुढील वर्षी तोच पक्षी पुन्हा तपासता येतो. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पीस वाढत असताना पक्ष्याच्या रक्तात काय होते, एवढेच पीस सांगते. त्या वेळी तो कोणत्या समुद्रावर होता, हे पक्ष्याच्या भ्रमणाचा अभ्यास केल्यावाचून कळत नाही. आणि किती पाऱ्याने कोणती जात आजारी पडेल, याचे एकच माप सर्व जातींना लागू पडत नाही.

जपानमधील मिनामाता गावी कारखान्याच्या सांडपाण्यातील मेथिल पाऱ्याने माणसे बाधित झाली, आणि तो आजार १९५६ साली उघडकीस आला. त्याच गावाच्या नावाने पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला. तो २०१७ पासून अमलात आला आणि भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. पाऱ्याच्या पातळीवर लक्ष ठेवण्यासाठी कोणते जीव तपासावेत, हे सांगताना या करारात मासे, सागरी सस्तन प्राणी आणि कासवे यांच्याबरोबर पक्ष्यांचाही उल्लेख आहे. करारामुळे समुद्रातील पारा खरोखर उतरला की नाही, याचा निर्णय कागदावरून होणार नाही. तो या वर्षी आणि पुढील वर्षांत समुद्रपक्ष्यांच्या अंगावर फुटणाऱ्या पिसांवरून करता येईल. त्यासाठी ती पिसे आज गोळा करून, जात, स्थळ आणि तारीख यांची नीट नोंद करून ठेवली पाहिजेत. शंभर वर्षांपूर्वीच्या संग्रहपालांनी तेवढे केले होते, म्हणूनच आजचे शास्त्रज्ञ तो जुना समुद्र वाचू शकले.